मदतनिसाने ‘नाही’ म्हणावं का

भाऊ,

आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. त्या शुक्रवारी फोनवर तुम्ही म्हणालात, “असं नाही समजणार तुला, समोरासमोर बोलू,” आणि फोन ठेवून दिलात. शनिवारभर मी धुळ्याला घरी बसून मुद्दे जुळवत होते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, तुम्ही काय म्हणाल आणि त्यावर मी काय म्हणेन, एवढंच डोक्यात. सोमवारी सकाळच्या गाडीने जळगावला यायचं ठरलेलं होतं. मी रविवारीच निघाले, वेगळ्याच कारणाने. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी मुद्दे जुळतच होते. वहिनींनी फोनवर जे सांगितलं ते कानापर्यंतच पोचलं असावं. तुमच्या दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हा कुठे ते थांबलं.

लोक म्हणत होते, शांत माणूस होता. तुम्ही शांत? एक ओळ पटली नाही तर खुर्ची मागे सारून गॅलरीत जायचात, तिथून ओरडून उत्तर द्यायचात, आणि खालचा हार्डवेअरवाला वर मान करून बघायचा. त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे आपलं ऑफिस. त्यातली एक तुमच्या आवाजाचीच होती.

मी नोकरी मागायला आले तेव्हा तुम्ही माझा बायोडेटा उलटा ठेवला आणि विचारलंत, “तुला काय मोडता येतं?” मला प्रश्न कळला नाही. मग तुम्ही मला ‘पहारेकरी’ दाखवलात. केळी पिकवण्याच्या चेंबरवर लक्ष ठेवणारा तुमचा प्रोग्राम. गारवा किती, दमटपणा किती, कोणत्या चेंबरला कधी गॅस सोडायचा, कुठला कॉम्प्रेसर बंद करायचा, सगळं तो बघायचा. चोपडा, दोंडाईचा, नशिराबाद, जिथे जिथे आपलं काम होतं तिथल्या छोट्या कॉम्प्युटरवर तो मागे चालत असायचा, पडद्यावर न दिसता. अशा प्रोग्रामला डीमन म्हणतात असं तुम्ही वहिनींना एकदा सांगितलंत, आणि त्या म्हणाल्या, म्हणजे राक्षस, मग घरी कशाला आणता त्याला.

पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं, हा रूट म्हणून का चालतो. रूट म्हणजे त्या मशीनवरची पूर्ण सत्ता. काहीही वाचायची, पुसायची, बंद करायची मुभा. पहारेकऱ्याला त्यातली फारच थोडी लागत होती. कॉम्प्रेसरचे खटके हलवायचे, घड्याळ लावायचं, संपलं. बाकीचा वेळ तो नुसता आकडे वाचायचा आणि मालकाच्या मोबाईलवर दाखवायचा. म्हणजे जो प्रोग्राम बाहेरच्या जगाशी बोलतो, त्याच्याच कमरेला घरातल्या सगळ्या किल्ल्या. तुम्ही म्हणालात, पहारेकऱ्याकडे किल्ल्या नसतील तर कुणाकडे असतील? मी म्हटलं, त्याला दारावरच गाठलं तर? तुम्ही म्हणालात, आपल्या खानदेशात कोण येतंय गाठायला. विषय तिथे संपला. म्हणजे तुमच्यापुरता.

आलं कुणीतरी. कुठून, ते आजही माहीत नाही. चोपड्याच्या शेठजींचा सकाळी फोन आला की सगळे चेंबर गरम आहेत आणि पडद्यावर सगळं ठीक दिसतंय. आपण पोचलो तेव्हा आवारातच गोड वास येत होता. मोबाईलवर आकडे दाखवणाऱ्या भागात एक चूक राहिली होती, त्यातून कुणीतरी आत शिरलं आणि शिरल्याबरोबर मशीनचं मालक झालं. सगळे कॉम्प्रेसर बंद करून, वर खोटे आकडे लावून गेलं. तुम्ही चेंबरमध्ये जाऊन उभे राहिलात. क्रेटच्या क्रेट पिवळे पडून पुढे काळे व्हायला लागले होते. शेठजींनी चहा मागवला. मला वाटतं, ते ओरडले असते तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

परत येताना तापीच्या पुलापर्यंत तुम्ही काही बोलला नाहीत. मी मनात म्हणत होते, बोला, मला रागवा, कुणाला तरी रागवा. पूल संपल्यावर तुम्ही म्हणालात, “किल्ल्या काढ त्याच्याकडच्या.”

तेवढंच. मी सांगितलं होतं याचा उल्लेख नाही, तुम्ही ऐकलं नव्हतं याचाही नाही. तेव्हा मला ते खुपलं होतं. आता वाटतं, दुसऱ्या कुणी आधी स्वतःची बाजू मांडली असती.

मी कामाला लागले. पहारेकऱ्याचे दोन भाग केले. मोठा भाग तोच, पण आता साध्या वापरकर्त्याच्या हक्काने चालणारा. तो आकडे वाचेल, बाहेर बोलेल, पण स्वतः कशालाही हात लावू शकणार नाही. शेजारी एक छोटा वेगळा प्रोग्राम, मदतनीस. खटक्यांना हात लावायचा हक्क फक्त त्याला. त्याला बाहेरचं जग दिसतच नाही, तो फक्त पहारेकऱ्याचं ऐकतो. पहारेकऱ्याला कुणी पकडलं तरी त्याच्या खिशात काही सापडणार नाही. मला फार अभिमान वाटला होता. सकाळी तुमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि मी चहा सांगायला गेले.

परत आले तर तुम्ही गॅलरीत नव्हतात, खुर्चीतच होतात. ही वाईट खूण. चिडलात की तुम्ही प्रमाण मराठी बोलायचात, आणि काही खरंच खटकलं की गावाकडची भाषा यायची. तुम्ही पडद्यावर बोट ठेवून विचारलंत, “हाऊ तुना मदतनीस. त्याले ‘नही’ म्हनता येस का?”

मी म्हटलं, त्याला कशाला म्हणता यायला हवं? तो सांगितलं ते करतो.

“बठ्ठं आयकस तो. मंग फरक काय शे?”

तो सगळंच ऐकतो, मग फरक काय, हे मला समजायला वेळ लागला. पहारेकरी जो हुकूम देईल तो मदतनीस जसाच्या तसा चालवत होता. म्हणजे ज्याने पहारेकऱ्याला पकडलं त्याला मदतनीस आयताच मिळाला. किल्ल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेल्या होत्या, आणि दुसरा खिसा पहिल्याच्या हाताशीच होता. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भांडले. दिवसभर भांडले. तुम्ही एकच म्हणत राहिलात, त्याला मोजक्याच गोष्टी कळू देत. अमुक चेंबर चालू कर, अमुक बंद कर, घड्याळ लाव. बाकी कुणी काही मागितलं तर त्याला ते समजताच कामा नये. आणि जे समजतं तेही त्याने स्वतः तपासून घ्यावं, की मुळात या नंबरचा चेंबर आहे का आपल्याकडे.

मी पुन्हा लिहिलं. आज माझ्या कामात जे काही बरं आहे त्यातलं बरंचसं त्या दिवसातून आलं आहे, भाऊ. हे तुम्हाला सांगायची वेळ कधी आली नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आता पुढचं बोल.

मग आपण एकेक हक्क काढत सुटलो. हा काढ, चालतंय का बघ. तो काढ, बघ. रोज काहीतरी मोडायचं आणि कुठून तरी फोन यायचा. घड्याळ लावायचा हक्क पहारेकऱ्याकडून काढला आणि मदतनिसाला द्यायचा राहिला. दोंडाईचाला वीज गेली, आली, आणि तिथला कॉम्प्युटर उठला तो थेट १९७० सालात; घड्याळ लावलेलं नसलं की तो तिथूनच मोजायला लागतो. केळी कधी पिकणार याचा हिशेब त्याने त्यावरून मांडला. तुम्ही खुर्ची मागे सारून हसलात. म्हणालात, माझ्या जन्माच्या आधीची केळी आहेत, जपून उतरवा म्हणावं. मी तुम्हाला इतकं हसताना पुन्हा पाहिलं नाही. की मी तेव्हा पडद्याकडे बघत होते?

एक गोष्ट मात्र तुम्ही कधीच विभागली नाहीत. फोन. सगळ्या ठिकाणचे अलार्म तुमच्याच फोनवर. वहिनी मला एकदा स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर सांगतात झोप पुरी करा, आणि हे उशाशी फोन घेऊन झोपतात; तू काहीतरी कर. मी तुम्हाला म्हटलं, अलार्म माझ्याकडे वळवा. तुम्ही बरं म्हणालात आणि वळवले नाहीत. पुन्हा म्हटलं, पुन्हा बरं. शेवटी धुळ्याला तुमच्या भाच्याचं लग्न होतं त्या दिवशी वहिनींनी फोन काढून माझ्या हातात दिला. मी तो घेऊन ऑफिसात बसले. थोड्या वेळाने वहिनींच्या नंबरवरून फोन आला, दोंडाईचाचा तिसरा चेंबर बघितलास का? मग वऱ्हाडातल्या कुणाच्या तरी नंबरवरून. मग अक्षता पडायच्या आधी पुन्हा. मागे बँड वाजत होता आणि तुम्ही ओरडून दमटपणा विचारत होतात. मी हसत होते, आणि चिडतही होते. आता ते आठवलं की फक्त अस्वस्थ वाटतं. मी अजून जोर करायला हवा होता का, असं विचारत बसत नाही. तुम्ही कुणाच्या जोराने हलणारे नव्हतात. पण वहिनी विचारतात.

शेवटचं भांडण त्या शुक्रवारचं. तुम्ही मदतनिसात एक नियम घातला होता, मला न विचारता. एकाच वेळी सगळे कॉम्प्रेसर बंद करा अशी मागणी आली, तर त्याने नकार द्यायचा. चोपड्यात नेमकं तेच झालं होतं, तेव्हा ते पुन्हा होऊ नये. मी म्हटलं, मदतनिसाला कारण कळत नाही. कदाचित तिथे उभ्या असलेल्या माणसाला खरंच सगळं बंद करायचं असेल. तुम्ही म्हणालात, माणूस उभा असेल तर भिंतीवरचा मुख्य खटका हाताने ओढेल. मी म्हटलं, आणि खटक्यापर्यंत पोचताच आलं नाही तर? तुम्ही म्हणालात, मुळात ‘नाही’ म्हणायला शिकवा हे तूच आता मान्य केलंयस. मी म्हटलं, नाही म्हणणं वेगळं आणि शहाणपणा करणं वेगळं. तिथे तुम्ही फोन ठेवलात.

सुतक सुटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी वहिनींनी तुमचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, हा वाजतो आणि मला धडकी भरते, घेऊन जा. पुढचे कितीतरी दिवस लोक विचारत राहिले, भाऊ आहेत का. मी प्रत्येकाला सांगत होते. सांगून झालं की ते हळहळायचे, आणि मग, बरं, ताई, दोन नंबरचा पंखा आवाज करतोय. मला ते लोक आवडले. रडणारी माणसं बघून मी थकले होते, आणि पंख्याचं काहीतरी करता येत होतं.

तुमचा नियम मी तसाच ठेवला. सगळीकडे बसवलाही. पटला म्हणून नव्हे. तो काढून टाकणं म्हणजे तुम्ही उत्तर द्यायला नसताना भांडण जिंकणं झालं असतं, आणि तसं जिंकायला माझा हात होईना.

मग नशिराबादला अमोनिया गळला.

गारव्यासाठी कॉम्प्रेसर जो वायू फिरवतात तो, मशीनच्या खोलीतल्या एका जुन्या व्हॉल्व्हमधून. तिथे कामावर युसूफभाई होते, तुम्ही ज्यांना नेहमी शिकवायचात की पडद्यावर विश्वास ठेवा, धावपळ करू नका. नाकाडोळ्यांत झोंबायला लागल्यावर त्यांनी माणसं बाहेर काढली आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे बाहेरच्या पडद्यावर ‘सर्व बंद’ दाबलं. मदतनिसाने नकार दिला. पडद्यावर तुमचंच वाक्य उमटलं, एकाच वेळी सर्व बंद करता येणार नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, आणि एकेक बंद करत बसायला वेळ नव्हता. मुख्य खटका मशीनच्या खोलीतच, कॉम्प्रेसरच्या मागच्या भिंतीवर. ते रुमाल भिजवून तोंडाला बांधून आत गेले आणि खटका ओढून बाहेर आले.

ते वाचले. डोळे सुजले, घसा बसला, दवाखान्यात राहावं लागलं, पण वाचले. मी धुळ्याहून पोचले तेव्हा ते कॉटवर बसून होते, डोळ्यांवर ओली पट्टी. मला आवाजावरून ओळखलं आणि माझीच विचारपूस केली, जेवून आली का म्हणून. मग हळूच विचारलं, “ताई, भाऊंचा प्रोग्राम असा का वागला?”

मी म्हटलं, तो प्रोग्राम आता माझा आहे. दुसरं काय सांगणार होते? पण बाहेर येऊन दवाखान्याच्या आवारात मी तुमच्याशी जोरात भांडले, भाऊ. तोंडाने भांडले. रसवंतीवाला बघत होता. मी म्हटलं, या, आत जाऊन त्यांचे डोळे बघा. समोरासमोर बोलू म्हणाला होतात ना, मग बोला. तुम्ही गेलात याचा राग मला तोवर आलाच नव्हता. तो तिथे आला, सगळा एकदम, आणि मग रडू आलं, जे तुमच्या दारात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसून तुमचा नियम काढून टाकला. ओळी पुसल्या, आणि तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसले. बसवेना. चोपड्यातला तो गोड वास आठवत होता. नियम नसेल तर उद्या पुन्हा कुणी बाहेरून येऊन एका हुकमात सगळं बंद करील. नियम असेल तर युसूफभाई पुन्हा आत जातील. मी ओळी परत आणल्या. परत पुसल्या. गॅलरीत गेले, आत आले. खालून हार्डवेअरवाल्याने विचारलं, ताई, सगळं ठीक आहे ना.

मग लक्षात आलं की आपण दोघं एकाच गोष्टीवर भांडत होतो आणि दोघांनीही चुकीचा प्रश्न धरला होता. मदतनिसाने नाही म्हणावं का, हा प्रश्नच नव्हता. कुणाला म्हणावं, हा होता. पहारेकरी बाहेरच्या जगाशी बोलतो, त्याच्या तोंडून आलेल्या मागणीला तुमचा नियम बरोबर आहे. पण जो माणूस तिथे, आवारात, स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला पहारेकऱ्याकडून जायची गरजच काय? म्हणून आता दाराबाहेर एक लाल बटण बसवलं आहे. त्याची वायर थेट मदतनिसाकडे जाते, मध्ये कुणी नाही. बटण दाबलं की मदतनीस काहीही न विचारता सगळं बंद करतो. पहारेकऱ्यामार्फत तेच मागितलं तर नकार देतो, तुमच्याच शब्दांत. ते वाक्य मी बदललेलं नाही.

सोमवारी आपण भेटलो असतो तर हे तासाभराच्या आरडाओरड्यात सापडलं असतं. की नसतं? तुम्ही आधी म्हणाला असता, बटणापाशी उभा असलेला माणूस नेहमी शहाणाच असतो का? बरोबर आहे. तो दारू पिऊन आलेला असू शकतो, रागावलेला असू शकतो, कुणीतरी सांगितलं म्हणून दाबणारा असू शकतो. याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल असंही आता वाटत नाही. तुम्ही असतात तर आपण ते न सापडता भांडत राहिलो असतो, आणि मला नेमकं तेवढंच हवं आहे. बरोबर ठरायला माझ्याकडे आता पुष्कळ लोक आहेत. जे विचारतात ते मान डोलावतात. ऑफिसात नवीन आलेली मुलगी हुशार आहे, पण मी जे म्हणते ते लिहून घेते. परवा तिला मी विचारलं, यात तुला काही खटकत नाही का? ती म्हणाली, नाही मॅडम. मला भीती वाटली.

अलार्म मात्र वाटून टाकले आहेत. एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. हे करायला मला एक दुपार पुरली. वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरं केलंस. आणि पोळ्या करायला उठल्या.

गेल्या आठवड्यात नशिराबादला बटण लावून झालं. युसूफभाई कामावर परत आले आहेत. डोळ्यांतून अजून पाणी येतं, उन्हात काळा चष्मा लावतात. मी त्यांना म्हटलं, पहिल्यांदा तुम्हीच दाबा. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि अंगठ्याने दाबलं. सगळे कॉम्प्रेसर थांबले. मागचे पंखे फिरत फिरत मंद झाले आणि तेही थांबले. इतक्या वर्षांत त्या जागेत मी शांतता ऐकली नव्हती. दूर हायवेवरचे ट्रक ऐकू यायला लागले. मी उभी राहिले. कुणीतरी काहीतरी हरकत घेईल, असं वाटत होतं. कुणी घेतली नाही.

“झालं ना, ताई?” युसूफभाईंनी विचारलं.

मी म्हटलं, “माहीत नाही. चालू करून पुन्हा दाबा.”